रिकॉलमध्ये बदलून मिळालेला चिमटा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या सायकलचा पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, कंपनीने बदलून दिल्याला आता आठ महिने झाले. नव्या सायकलीचा अनुभव लिहिणारे पुष्कळ भेटतात. पण रिकॉल झालेली, म्हणजे विकलेल्या मालात दोष आढळल्याने कंपनीने तपासायला किंवा बदलायला परत बोलावलेली, सायकल पुढे कशी चालते आणि तोवर मालकाच्या वाट्याला काय काय येते, याविषयी मला शोधूनही फारसे वाचायला मिळाले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. माझा आक्षेप रिकॉलच्या एका पद्धतीवर आहे आणि ती पद्धत अनेक कंपन्या वापरतात. ‘तपासून ठीक’ असा शेरा मिळालेला भाग आणि बदलून मिळालेला भाग यांना एकच मोल देऊ नये, एवढे माझे म्हणणे आहे.

सायकल घेऊन चौदा महिने झाले असताना कंपनीचा ईमेल आला. खरेदीच्या वेळी मी अनुक्रमांकासह नोंदणी केली होती, म्हणूनच तो आला. माझ्या एका मित्राने हीच सायकल दुसऱ्याकडून जुनी विकत घेतली होती. त्याच्यापर्यंत काहीच पोहोचले नाही, त्याला मीच कळवले. चिमट्याची कार्बनची जी नळी सायकलीच्या सांगाड्यातून वर येते आणि जिच्यावर स्टेम, म्हणजे हँडल धरून ठेवणारा भाग, आवळलेला असतो, त्या नळीला स्टेमच्या पकडीजवळ तडा जाऊ शकतो, तेव्हा तपासणी होईपर्यंत सायकल चालवू नये, असे त्यात लिहिले होते. ही नळी तुटली तर हँडल हातात राहते आणि पुढच्या चाकावरचा ताबा त्याच क्षणी सुटतो, त्यामुळे सूचनेकडे दुर्लक्ष करण्याचा प्रश्नच नव्हता. अडचण अशी की सांगाड्याचा क्रमांक सायकल उलटी केली की बॉटम ब्रॅकेटखाली, म्हणजे पेडलचा आस बसतो त्या भागाखाली, वाचता येतो. चिमट्याच्या उत्पादनाचा क्रमांक मात्र त्या नळीवरच होता. चिमटा खाली उतरवल्याशिवाय आपला चिमटा सदोष मालातला आहे की नाही, हे घरबसल्या कळणे शक्य नव्हते.

अधिकृत विक्रेत्याकडे तपासणी झाली. मेकॅनिकने स्टेम काढला, चिमटा अर्धाअधिक खाली सरकवला, विजेरीच्या उजेडात नळी पाहिली, क्रमांक सदोष यादीतला असल्याचे सांगितले आणि तडा दिसत नसल्यामुळे सांगाड्यावर ‘तपासले’ असे छोटे लेबल चिकटवून सायकल परत दिली. तो मनुष्य कामाचा जाणकार होता आणि त्याने कंपनीच्या सूचनेप्रमाणे सगळे केले. त्या दिवशी मला अगदी हायसे वाटले होते, हे नमूद करायला हवे.

तीन महिन्यांनी उतारावर जोरात ब्रेक दाबला की हँडलखालून ‘कट्’ असा बारीक आवाज येऊ लागला. हेडसेटच्या, म्हणजे चिमटा ज्यावर सांगाड्यात फिरतो त्या जोडाच्या, बेअरिंगमध्ये धूळ गेली असावी, असे आधी वाटले. पुढचा ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्या हाताची बोटे हेडसेटच्या सांध्यावर ठेवायची आणि सायकल मागेपुढे हलवायची. सांध्यात हालचाल जाणवली तर तिथे ढिलेपणा आहे, ही तपासणी कोणालाही करता येते. माझ्या सायकलीत तो ढिलेपणा होता. वरचा बोल्ट आवळून, स्टेमचे बोल्ट त्यावर छापलेल्या 5 न्यूटन-मीटर या मापाला टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, नीट बसवले तरी दोन दिवसांत हालचाल पुन्हा जाणवू लागली. आवळूनही परत परत ढिले होणे हे दुर्लक्ष करण्यासारखे लक्षण नाही. मी सायकल तिथेच थांबवली.

दुसऱ्या खेपेस चिमटा पूर्ण बाहेर काढायला सांगितला आणि शेजारी उभा राहिलो. मेकॅनिकने नळीवरचे ग्रीस आधी कोरड्या फडक्याने आणि मग स्पिरिटने पुसले. वरवर काहीच दिसेना. मग त्याने कापसाचा बोळा नळीभोवती हलकेच फिरवला, तेव्हा स्टेमच्या खालच्या कडेच्या पातळीवर, मागच्या बाजूला, कापसाचे दोन तंतू अडकून राहिले. तिथे नख फिरवले की सूक्ष्म खाच लागत होती. उजेड तिरका धरल्यावर करड्या विणीत केसाएवढी पांढुरकी रेघ दिसली, लांबी बोटाच्या पेरापेक्षाही कमी. याच नळीला तीन महिन्यांपूर्वी ‘तपासले’ हा शेरा मिळाला होता. तेव्हा तडा नव्हता, की होता आणि ग्रीसखाली दिसला नाही, हे आता कोणीच सांगू शकत नाही.

तपासणीवर चालणाऱ्या रिकॉलचे एक मोठे उदाहरण सायकलीचे सुटे भाग बनवणाऱ्या शिमानो या जपानी कंपनीचे आहे. सप्टेंबर 2023 मध्ये या कंपनीने जुलै 2019 पूर्वी तयार झालेल्या 11 गिअरच्या अल्टेग्रा आणि ड्युरा-एस या मालिकांतल्या क्रँकसाठी, म्हणजे पेडल ज्यावर बसते त्या दांड्यांसाठी, रिकॉल जाहीर केला. चिकटवून जोडलेल्या या पोकळ क्रँकचा जोड सुटून क्रँक तुटण्याचा धोका होता. एकट्या अमेरिकेत असे सुमारे 6,80,000 क्रँकसेट होते, जोड सुटल्याच्या 4,519 नोंदी झाल्या होत्या आणि सहा जण जखमी झाल्याचे नोंदले गेले होते. तिथे उत्पादनाचा कोड क्रँकच्या मागच्या बाजूला असल्यामुळे मालकाला तो स्वतः वाचता येतो, ही सोय चांगलीच. पण विक्रेत्याने तपासायचे आणि जोड सुटत असल्याची चिन्हे दिसली तरच नवा क्रँकसेट द्यायचा, असा उपाय ठरला. वापराने हळूहळू वाढणारा दोष तपासणीच्या दिवशी दिसेलच असे नाही. म्हणून अशा दोषासाठी एकदाच केलेली तपासणी मला अपुरी वाटते.

याउलट 2015 मध्ये ट्रेक या सायकल कंपनीने अमेरिकेत सुमारे नऊ लाख सायकलींसाठी केलेला रिकॉल पाहावा. पुढच्या चाकाच्या क्विक रिलीजची, म्हणजे चाक पान्याशिवाय काढता यावे म्हणून असलेल्या पकडीची, दांडी प्रमाणाबाहेर उघडून ब्रेकच्या चकतीत अडकू शकत होती आणि अशा एका अपघातात स्वाराचे हातपाय कायमचे लुळे पडले होते. तिथे उपाय होता नवी क्विक रिलीज, तीही विनामूल्य. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणखी तेरा कंपन्यांनी याच दोषासाठी सुमारे 13 लाख सायकलींचा रिकॉल जाहीर केला. क्विक रिलीज हा स्वस्त आणि चटकन बदलता येणारा भाग आहे, क्रँक किंवा चिमटा तसा नाही, हे मला समजते. परंतु धोक्याचे मोजमाप भागाच्या किमतीवरून होऊ नये.

तडा सापडल्यावर कंपनीने वाद घातला नाही. मात्र नवा चिमटा येण्यास सात आठवडे लागले आणि त्या काळात पर्यायी सायकल मिळाली नाही. मार्च 2021 मध्ये बेल्जियममधल्या एका शर्यतीत मातिउ फान डर पूल या डच शर्यतपटूच्या कॅन्यन कंपनीच्या सायकलचे हँडल तुटले आणि कंपनीने त्या जातीच्या सायकली वापरू नका असे मालकांना कळवले, तेव्हा त्यांनाही असेच थांबावे लागले होते. चालवू नका असे सांगताना भाग कधी मिळेल तेही सांगितले, तर माणूस थांबतो. नाहीतर एखादा दिवस निघतोच, आणि तोच धोक्याचा.

आता नव्या चिमट्याविषयी. चाक धरणारे त्याचे दोन पाय कार्बनचेच आहेत, पण नळी ॲल्युमिनियमची आहे आणि वजन थोडे वाढले आहे. खडबडीत रस्त्यावर तळहातांना पूर्वीपेक्षा किंचित जास्त हादरे जाणवतात. पहिल्या महिन्यात ते खटकले, आता नाही. जोरात ब्रेक दाबल्यावर पुढचा भाग अधिक ठाम राहतो आणि वळणावर सायकल हाताच्या इशाऱ्यासरशी वळते. आठ महिन्यांत स्टेमचे बोल्ट एकदाही ढिले झाले नाहीत. दर दोन महिन्यांनी ब्रेक दाबून हेडसेटची ती तपासणी करतो आणि पावसाळ्यानंतर एकदा चिमटा पूर्ण उतरवून पाहिला. नळी स्वच्छ होती. जुना चिमटा माझ्या समोर करवतीने कापायला लावला, कारण असा भाग पुन्हा कोणाच्या तरी सायकलीला लागण्याची शक्यता मला ठेवायची नव्हती. नव्या चिमट्याचा क्रमांक बिलावर लिहून घेतला आणि सांगाड्यावरचे जुने लेबल काढून टाकले.

मित्राच्या सायकलीवर ते लेबल अजून आहे. त्याचा चिमटाही सदोष यादीतला निघाला, पण तपासणीत तडा दिसला नाही. माझ्या तडा गेलेल्या नळीची छायाचित्रे जोडून त्याने बदलीची लेखी मागणी केली, तेव्हा तडा आढळल्यास बदलून देऊ असे उत्तर आले. या महिन्याच्या अखेरीस तो पुन्हा तपासणीस जाणार आहे, चिमटा पूर्ण बाहेर काढून आणि नळी स्पिरिटने पुसूनच पाहावी असे त्याने आधी कळवले आहे, आणि मीही सोबत जाणार आहे.