मूडल, आठ महिन्यांनंतर: पतसंस्थेच्या कर्मचाऱ्यांसाठी कोर्स बांधताना

आधी कुठं वापरतोय ते सांगतो, म्हणजे तुम्हाला यातलं किती लागू पडेल ते ठरवता येईल. आमची नागरी सहकारी पतसंस्था, १४ शाखा, पिग्मी एजंट (दारोदार फिरून रोजची ठेव गोळा करणारे) सोडून ९६ कर्मचारी. मी २१ वर्षं शाखांमध्ये काढली, आता मुख्य कार्यालयात प्रशिक्षण बघतो. पूर्वी प्रशिक्षण म्हणजे वर्षातला एक रविवार. मंगल कार्यालय, सकाळी उप्पीट, मग सीए साहेबांचं व्याख्यान, जेवणात जिलेबी आणि तीननंतर पेंगणारी मागची रांग. सोमवारी काउंटरला सगळं पहिल्यासारखंच. संचालक मंडळानं 'आता ऑनलाईन करा' म्हटलं आणि मूडल, म्हणजे ऑनलाईन कोर्स आणि चाचण्या बांधायचं सॉफ्टवेअर, माझ्या गळ्यात आलं.

मूडलला पैसे पडत नाहीत. मार्टिन डुगियामस या ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या माणसानं ते सुरू केलं, पहिली आवृत्ती २००२ ची, परवाना खुला. खर्च होतो तो होस्टिंगचा (ते ज्या सर्व्हरवर ठेवायचं त्याच्या भाड्याचा) आणि आपल्या संध्याकाळींचा. दुसरा खर्च जास्त. एखाद्या चाचणीची सेटिंग पहिल्यांदा उघडली की पान खाली सरकतच राहतं. माझे पहिले तीन आठवडे यातच गेले. आता त्यातली दहाबाराच लागतात, बाकीच्यांकडं बघतही नाही.

होस्टिंगवाल्याचा किस्सा सांगायलाच हवा. मूडलची आठवणपत्रं, पूर्णत्वाच्या नोंदी, रांगेतली कामं हे सगळं 'क्रॉन' नावाच्या वेळापत्रकावर चालतं. ते दर मिनिटाला चालायला हवं. आमच्या होस्टिंगवाल्यानं ते बंदच ठेवलं होतं. महिनाभर एकालाही मेल गेला नाही, आणि चालू केल्याबरोबर महिन्याभराचे सगळे मेल एका रात्री दोन वाजता सुटले. एका शाखाधिकाऱ्यांनी सकाळी फोन करून विचारलं, "साहेब, संस्थेवर प्रशासक वगैरे आलाय का?"

मराठीचं म्हणाल तर भाषापॅक आहे, पण मधे मधे इंग्रजी वाक्यं डोकावतात. त्यावर चांगला उपाय आत बसूनच करता येतो. भाषा बदलायची सोय आहे, तिथं एकेक शब्द आपल्याला हवा तसा लिहायचा. चाचणीच्या बटणावर मी 'सोडवायला घ्या' लिहिलं आणि 'हे कुठं दाबायचं' विचारणारे फोन निम्म्यावर आले. जुनी परिपत्रकं मात्र नॉन-युनिकोड फॉन्टातली. चिकटवली की नुसती अक्षरांची भेळ. ती सगळी नव्यानं टाईप केली. करताना कळलं की त्यातली अर्धी आज लागूच नाहीत.

आता मुख्य गोष्ट. पहिला कोर्स मी मंगल कार्यालयासारखाच बांधला होता. सीए साहेबांचं ४० मिनिटांचं चित्रण, खाली पीडीएफ, शेवटी दहा प्रश्न, वर प्रमाणपत्र. मागचा धडा संपल्याशिवाय पुढचा उघडत नाही, असं कुलूपही लावलं. दोन आठवड्यांत ८० च्या वर प्रमाणपत्रं वाटली गेली आणि मी खूश. मग उगाच शंका आली म्हणून ११ जणांना फोन केला: शेवटाकडं साहेब कुठल्या रंगाची फाईल दाखवतात? एकालाही सांगता आलं नाही. एका शाखेत तर शाखाधिकाऱ्यांचा अख्खा कोर्स शिपायानं उरकला होता. त्याचे मार्क साहेबांपेक्षा चांगले पडले असते असं तिथला स्टाफ सांगतो, तो भाग वेगळा.

सगळ्यात जास्त राग त्या कुलपाचा आला होता. २२ वर्षं कॅश सांभाळणाऱ्या बाईंना 'केवायसी म्हणजे काय' बघितल्याशिवाय पुढं जाता येईना. त्या मला स्पष्ट म्हणाल्या, "सर, मला पहिलीत का बसवलंय?" माल्कम नोल्स या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं प्रौढांच्या शिकण्याबद्दल जे मांडलं त्याचा गाभा या एका प्रश्नात आहे: मोठं माणूस अनुभव घेऊन येतं, आणि त्याला समोरच्या अडचणीपुरतं हवं असतं. मूडलमध्ये याची सोय निघाली. प्रवेशाची अट मार्कांवर लावता येते. सुरुवातीलाच आठ प्रश्न ठेवले, ८० टक्के पडले की सगळे धडे सोडून थेट शेवटचा सराव उघडतो. बाईंनी नऊ मिनिटांत संपवलं आणि कॅश टॅलीला बसल्या.

मग प्रश्नच बदलले. 'आयकर कायद्याचं अमुक कलम काय सांगतं?' असलं काही विचारायचं नाही. काउंटरवर जे घडतं तेच मांडायचं. एक नमुना देतो:

एक आजी येतात. मुदत ठेवीची पावती १८,००० ची, मुदत संपलेली, व्याज धरून २१,४०० होतात. नातवाची फी भरायचीय, रोख हवेत, बँकेत जायला वेळ नाही. तुम्ही काय कराल?

पर्याय चार. एकात मुद्दल २०,००० च्या आत आहे म्हणून रोख देणं, एकात आज दहा हजार आणि उद्या उरलेले अशी दोन व्हाउचर करणं, एकात आजींच्या बँक खात्यावर वर्ग करणं, एकात 'साहेबांना विचारा' म्हणून सांगणं. आयकर कायदा ठेवीची रक्कम व्याज धरून मोजतो आणि २०,००० किंवा त्याहून जास्त झाली की रोख परतफेड चालत नाही, म्हणून बरोबर पर्याय खात्यावर वर्ग करण्याचा. दंड परत केलेल्या रकमेइतका बसू शकतो. हे उत्तराखाली तीन ओळींत येतं, चूक केल्यावरच. आधी वाचायला दिलं तर कोणी वाचत नाही. हात पोळल्यावर वाचतात.

प्रत्येक प्रश्नाला कुणी कोणता पर्याय निवडला, याचा अहवाल मूडल देतं. या साधनात मला सगळ्यात मोलाचं काही वाटलं असेल तर ते हेच. तो तक्ता मी शाखेनुसार लावून बसलो. मुद्दल बघून चुकणारे सगळीकडं थोडे थोडे पसरलेले, ते अपेक्षित होतं. पण 'दोन व्हाउचर' निवडणारे १९ जण, आणि त्यातले १६ तीनच शाखांचे. तिन्ही शाखा कधी ना कधी एकाच ज्येष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखाली होत्या. फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, "अहो, गिऱ्हाईक तुटू नये म्हणून वर्षानुवर्षं असंच करतोय. तुम्ही शाखेत होता तेव्हा काय करत होता?" मी काय करत होतो ते इथं लिहीत नाही.

आता कोर्स ठरवताना मी विषयांची यादी करत नाही. काउंटरवरचा कुठला निर्णय चुकतोय तेवढा एक धरतो, त्याभोवती सात-आठ मिनिटांचं काहीतरी बांधतो. चित्रण तीन मिनिटांच्या आत, फोनवर घेतलेलं, हेड कॅशियरच्या हातांचं. पडद्यावर लिहिलेलंच परत मोठ्यानं वाचून दाखवायचं बंद केलं, वाचायचं की ऐकायचं यात माणूस गोंधळतो. आणि एकदा झालं की संपलं असंही नाही. विसरण्याचा वेग किती असतो हे हर्मान एबिंगहाउसनं १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलंय, म्हणून दोन आठवड्यांनी दोन प्रश्न, सहा आठवड्यांनी आणखी दोन, तारीख लावून आपोआप उघडतात. नावं बदललेली, आकडे बदललेले, आजींच्या जागी शेजारचे किराणावाले.

एक अडचण सुटलेली नाही. आमच्या चार शाखा डोंगराकडच्या, रेंज येते-जाते. मूडलच्या मोबाईल ॲपमध्ये चाचणी उतरवून घेऊन नेटशिवाय सोडवता येते, पण त्याला अटी आहेत: वेळेची मर्यादा नको, आणि उत्तर बरोबर की चूक हे शेवटी एकदमच कळणार. मला तर प्रत्येक प्रश्नानंतर लगेच सांगायचं होतं, मजा त्यातच आहे. शेवटी त्या चार शाखांसाठी वेगळी प्रत केली. दोन प्रती सांभाळायच्या म्हणजे एक नेहमी शिळी राहते.

वेळेबद्दल अंदाज साफ चुकला. मला वाटलं होतं, साडेतीनला काउंटर बंद झाला की लोक बसतील. नोंदी बघितल्या तर दुपारी कोणीच नाही, टॅली जुळत नसते. गर्दी रात्री साडेदहानंतर, आणि त्यात बायका जास्त. स्वयंपाक, भांडी, मुलांचा अभ्यास झाल्यावर. हे कळल्यावर व्यवस्थापकांकडून शनिवारी अर्धा तास कार्यालयीन वेळेत मागून घेतला. तीन महिने भांडावं लागलं. मूडलच्या नोंदी छापून टेबलावर ठेवल्या तेव्हा मिळाला.

फरक पडला का? चाचणीत हल्ली 'दोन व्हाउचर' जवळपास कोणी निवडत नाही, पण त्यावर माझा विश्वास नाही. बरोबर उत्तर कुठलं हे आता सगळ्यांना पाठ आहे. म्हणून अंतर्गत तपासनीसांना विनंती केली की त्या तीन शाखांची लागोपाठच्या तारखांची व्हाउचरं तेवढी वेगळी काढा. पहिल्या तिमाहीत १४ जोड्या निघाल्या, दुसऱ्या तिमाहीत ४. चारही एकाच शाखेतल्या.

घ्यावं का, असं विचाराल तर: आठवड्याला सहा-सात तास देणारा, शाखेत काम केलेला एक माणूस असेल तर जरूर. संगणकाचं जाणणारा पण काउंटर न पाहिलेला असेल तर देखणं मंगल कार्यालयच तयार होईल.

पिग्मी एजंट मात्र अजून बाहेरच आहेत. कमिशनवर चालणारा माणूस, दारोदार फिरतो, अर्धा तास थांबला की दहा दुकानं चुकतात. त्यांना लॉगिन दिली, ४३ पैकी ६ जणांनी एकदा उघडून बघितलं. सध्या आठवड्याला एक, दीड मिनिटाचा आवाजी निरोप व्हॉट्सॲपवर टाकतो, काल्पनिक दुकानदाराच्या तक्रारीचा. ऐकतात. उलट आवाजी उत्तरंही येतात, गाडीच्या आवाजासकट. त्याचा अहवाल कुठल्याच तक्त्यात येत नाही, म्हणून मी वहीत लिहितो.