लेव्होडोपा आणि प्रथिने: गोळीची वेळ बदलावी की ताट?

कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) ज्या रुग्णाला लेव्होडोपाची सकाळची गोळी चांगली लागू पडते, पण दुपारी जेवणाच्या सुमारास घेतलेल्या गोळीनंतर मात्र पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात, त्याच्या घरच्यांनी डोस वाढवून मागण्याआधी ताटात काय होते ते पाहावे. लेव्होडोपा हे मुळात एक अमिनो आम्ल आहे, म्हणजे प्रथिने ज्या घटकांची बनतात त्यांच्याच जातीचे. लहान आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरण्यासाठी ते ज्या वाहकांवर अवलंबून असते, त्याच वाहकांवर डाळ, दूध, अंडी, मासे यांच्या पचनातून आलेल्या ल्युसिन, फेनिलअॅलनिन, टायरोसिन यांसारख्या अमिनो आम्लांची गर्दी होते, आणि गोळीचा असर उशिरा होतो, अपुरा होतो किंवा जाणवतच नाही. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल किंवा रासाजिलिन या कंपवाताच्या इतर औषधांच्या बाबतीत ही अडचण नाही; केवळ तीच औषधे चालू असतील, तर प्रथिनांचे कोणतेही पथ्य नको.

पहिला मार्ग अंतराचा आहे. गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास, किंवा जेवणानंतर साधारण दीड-दोन तासांनी घ्यायची. आहार तोच राहतो, घरात वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही आणि वजनालाही धोका नसतो. रिकाम्या पोटी मळमळत असेल, तर गोळीबरोबर केळे किंवा मूठभर चुरमुरे चालतात. पेलाभर दूध मात्र नको, कारण त्यात ६-७ ग्रॅम प्रथिने असतात. दिवसाला पाच-सहा डोस असले, की दोन गोळ्यांच्या मध्ये जेवण बसवणे अवघड होते, ही या मार्गाची मर्यादा आहे.

दुसरा मार्ग प्रथिने रात्रीकडे सरकवण्याचा. दिवसभरात ती १० ग्रॅमच्या आसपास ठेवायची आणि उरलेली सगळी रात्रीच्या जेवणात घ्यायची. ज्यांना दिवसातून अनेकदा ‘ऑफ’ येतो (म्हणजे गोळीचा असर ओसरून हालचाल पुन्हा अडते), त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची दिवसाची हालचाल यामुळे सुधारते. परंतु आपल्या स्वयंपाकघरात हे १० ग्रॅम फार लवकर संपतात. एका पोळीत सुमारे ३ ग्रॅम आणि वाटीभर घट्ट वरणात ६-७ ग्रॅम, म्हणजे दोन पोळ्या आणि वरण यांतच मर्यादा ओलांडली जाते. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात, पण खिचडीत मूठभर दाण्याचे कूट पडले, की तिचा हिशेब बदलतो. हेच कूट कोशिंबिरीत आणि भाजीतही असते, आणि ते कोणी मोजत नाही. दिवसा गोळी अधिक भिनू लागल्यामुळे अंग अनावर हलू लागू शकते, आणि मग डॉक्टरांना डोस कमी करावा लागतो. रात्री उलट होते: अंग आखडते, कूस बदलता येत नाही, आणि शौचालयापर्यंत जाण्यासाठी कोणाला तरी उठवावे लागते. रुग्ण एकटा राहत असेल, तर माझ्या मते याच एका कारणासाठी हा मार्ग टाळावा.

प्रथिने एकंदरीतच कमी करणे हा तिसरा मार्ग काही घरांत आपसूक सुरू होतो, आणि तो मला सर्वांत घातक वाटतो. प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळपास ५० ग्रॅम प्रथिने लागतात. कंपवातात वजन आधीच घटत असते. त्यात स्नायू झिजले, तर पडण्याचा धोका वाढतो.

म्हणून सुरुवात अंतरापासून करावी, आणि दोन आठवडे वहीत तीनच गोष्टी लिहाव्यात: गोळी किती वाजता घेतली, काय खाल्ले, आणि शर्टाची बटणे स्वतः लावता येण्याइतके हात कधी मोकळे झाले. अंतर नीट पाळूनही दुपारचा ‘ऑफ’ टळत नसेल, तर ती वही न्यूरॉलॉजिस्टना आणि आहारतज्ज्ञांना दाखवून मगच दुसऱ्या मार्गाकडे वळावे. आजार नवा असेल आणि गोळीचा असर पुढच्या डोसपर्यंत टिकत असेल, तर यांपैकी कशाचीच घाई नको. लोहाची गोळी चालू असल्यास मात्र तीही वहीत नोंदवावी, कारण लोह आतड्यातच लेव्होडोपाला बांधून ठेवते, आणि त्या दोन गोळ्यांमध्ये किमान दोन तासांचे अंतर लागते.