युद्धकाळातली कागदी मॉडेल्स: मायक्रोमॉडेल, ट्रू-फ्लाइट की लायोनेलची आगगाडी?

दुसऱ्या महायुद्धातल्या कागदी मॉडेलांची हौस लागली की सुरुवातीलाच तीन नावं कानावर येतात: ब्रिटनमधली मायक्रोमॉडेल्स, अमेरिकेतली जॅक आर्मस्ट्राँगची 'ट्रू-फ्लाइट' विमानं आणि लायोनेल कंपनीची कागदी आगगाडी. तिन्हींचा जन्म एकाच टंचाईतून झाला. पण तिन्हींना लागणारे पैसे, जागा, वेळ आणि हाताचं कसब यांत इतका फरक आहे, की चुकीच्या टोकापासून सुरुवात केली तर हौस महिनाभरात विझते. यांतलं आधी काय घ्यावं, हे ज्यांना ठरवायचं आहे त्यांच्यासाठी हा आढावा.

आधी कागदच का, ते बघू. अमेरिका युद्धात उतरल्यावर १९४२ मध्ये धातूची खेळणी बनवण्यावर सरकारी निर्बंध आले. पोलाद, जस्त, कथील, रबर सगळं युद्धाच्या कामाला लागलं. हलक्या मॉडेल विमानांसाठी वापरलं जाणारं बाल्सा लाकूडही सुटलं नाही. जीवरक्षक तराफे आणि ब्रिटनचं मॉस्किटो विमान यांत ते खपत होतं. मुलांच्या हाती उरला कागद आणि पुठ्ठा. ब्रिटनमध्ये तर कागदही मोजूनमापून मिळत होता. म्हणून या काळातली मॉडेल्स पाहताना डिझाइनरने किती कमी कागदात किती साधलं, हे मी सगळ्यात आधी बघतो.

या कसोटीवर मायक्रोमॉडेलला तोड नाही. जेफ्री हायवे या माणसाने १९४० च्या सुमारास ती सुरू केली. पोस्टकार्डाएवढ्या काही कार्डांचा संच, त्यावर छापलेले सुटे भाग, आणि ते कापून-दुमडून-चिकटवून तळहातावर मावेल असं इंजिन, शिडाचं जहाज किंवा इमारत. तुमचं सगळं वर्कशॉप सिगारच्या डब्यात मावेल, अशी त्यांची जाहिरात असे, आणि ती खरी होती. कात्री, ब्लेड, सुई, चिमटा, डिंक, बस्स. छोटं पाकीट असल्यामुळे ते कुठेही नेता येई आणि टपालाने पाठवायलाही सोपं होतं. युद्ध संपल्यावरही पुढे बरीच वर्षं हे संच निघत राहिले. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलचा संच आजही हौशी लोक मोठ्या प्रेमाने बांधतात.

पण मायक्रोमॉडेल बांधणं सोपं नाही. इंजिनाची चिमणी म्हणजे काही मिलिमीटरची नळी. ती बोटांनी वळत नाही. सुईभोवती किंवा बारीक तारेभोवती गुंडाळावी लागते, आणि त्याआधी कागद टेबलाच्या कडेवरून ओढून मऊ करावा लागतो. चिकटवायच्या कानांची रुंदी तांदळाच्या दाण्याएवढी. फेव्हिकॉल नळीतून थेट लावला तर कागद फुगलाच. टूथपिकच्या टोकाने जेमतेम ठिपका लावायचा. यावर एक चांगली वाट आहे: पुनर्मुद्रित किंवा स्कॅन केलेला संच दुप्पट मोठा करून छापायचा. रेघा जरा जाड दिसतात, पण भाग हातात धरता येतात आणि रचना समजते. पहिलं मायक्रोमॉडेल असंच बांधावं, दुसरं मूळ आकारात.

ट्रू-फ्लाइट विमानांचा स्वभाव अगदी उलटा आहे. ती शोकेससाठी नव्हतीच, उडवण्यासाठी होती. १९४४ मध्ये जनरल मिल्सने आपल्या व्हीटीज या न्याहारीच्या पदार्थाच्या प्रचारासाठी, जॅक आर्मस्ट्राँग या रेडिओ मालिकेतल्या नायकाच्या नावाने ती काढली. खोक्याची झाकणं आणि पाच सेंट पाठवले की दोन विमानांचं पाकीट घरी येई. एकूण १४ विमानं. अमेरिकी पी-४० आणि जपानी झिरो, ब्रिटिश स्पिटफायर आणि जर्मन फोके-वुल्फ १९०, अशा मित्र आणि शत्रूच्या जोड्या त्यात होत्या. डिझाइन वॉलिस रिग्बीचं. मूळचा ब्रिटिश असलेला हा माणूस अमेरिकेत कागदी मॉडेलांमुळे नावारूपाला आला होता. त्याचं कौशल्य बघायचं असेल तर विमानाच्या धडात हलकासा फुगवटा कसा आणलाय ते बघा. सपाट कागदाला जरा वळण दिलं की तो ताठ होतो, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

या विमानांच्या नाकात वजन म्हणून एक सेंटचं नाणं घालायचं असतं. ते नसेल तर विमान नाक वर करून लगेच कोसळतं. अमेरिकेचं त्या काळचं तांब्याच्या मिश्रधातूचं सेंट ३.११ ग्रॅमचं आणि १९.०५ मिलिमीटर व्यासाचं. १९४३ मध्ये तांबं वाचवण्यासाठी पोलादाचं काढलेलं सेंट आणखी हलकं होतं. आपल्याकडे ते कुठून आणायचं, असा प्रश्न पडेल, पण उत्तर खिशातच आहे: २०१९ च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं ३.०९ ग्रॅमचं आणि २० मिलिमीटरचं. वजन जवळजवळ तेच. व्यास मिलिमीटरभर जास्त, म्हणून नाण्याची जागा किंचित सैल ठेवावी लागते. त्याआधीचा रुपया ३.७९ ग्रॅमचा, तो घातला तर नाक जड होऊन विमान खाली झेपावतं. दोन्ही नाणी हातात घेऊन बघा, फरक सहज कळतो.

नाण्याची जागा चुकण्याचं आणखी एक कारण छपाईत आहे. अमेरिकेतली बहुतेक स्कॅन लेटर आकाराच्या पानासाठी असतात. त्याची रुंदी २१६ मिलिमीटर, आपल्या ए-फोरची २१०. दुकानातला माणूस सवयीने 'फिट टू पेज' करतो आणि अख्खं विमान थोडं आकसतं. 'ॲक्चुअल साइझ' सांगा, आणि काठ कापला जात असेल तर ए-थ्रीवर छापून घ्या. कागद १६० ते २०० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम) जाडीचा. त्याहून जाड कागद दुमडताना फाटतो आणि लेझर छपाईचा रंग घडीवर तडकतो. कापण्याआधीच घडीच्या प्रत्येक रेघेवर पट्टी धरून, शाई संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने हलकीशी खाच पाडून घ्या. कडांचा पांढरा कागद जलरंगाच्या पेन्सिलीने झाकला की विमान एकदम जुनं, खरं वाटायला लागतं.

लायोनेलच्या आगगाडीबद्दल मला कमी लिहायचं आहे, कारण ती बांधण्यासाठी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. लायोनेल ही अमेरिकेतली खेळण्यातल्या विजेच्या गाड्यांची मोठी कंपनी. युद्धात तिचे कारखाने होकायंत्रं आणि जहाजांसाठी लागणारी उपकरणं बनवू लागले. १९४३ च्या नाताळात दुकानात ठेवायला काहीतरी हवं म्हणून कंपनीने एका डॉलरला पुठ्ठ्याची गाडी काढली: इंजिन, डबे, रूळ, फाटक, माणसं, सगळं पुठ्ठ्याचं, दाबून सुटं करायचं आणि खाचेत खाच अडकवायची. जोडणी इतकी किचकट होती, की ती गाडी त्याच बदनामीने इतिहासात राहिली. पण याच कारणाने संग्राहकांना ती हवी असते: ज्या घरांनी कंटाळून खोकं बंद करून माळ्यावर टाकलं, तिथले संच अखंड उरले. खोकं मोठं, टपालखर्च मोठा आणि एक तुकडा जरी हरवला तरी किंमत उतरते. संग्रह वाढल्यावर, जपायला जागा झाल्यावर विचार करण्यासारखी ही वस्तू आहे. पुनर्मुद्रण घेऊन जोडणीचा अनुभव मात्र जरूर घ्या.

आता खरा पेच: मूळ संच घेऊन कापायचा का? माझं उत्तर ठाम नाही असं आहे. न कापलेला संच एकदाच असतो. त्यातून मॉडेल झालं की तो संच संपला, आणि युद्धकाळातला स्वस्त, आम्ल उरलेला कागद आता इतका ठिसूळ झालेला असतो, की घडी घालताना त्याचे कण निघतात. त्यामुळे कापूनही हाती चांगलं मॉडेल येत नाही. मूळ संच जपायचा, प्रतीतून बांधायचं. एकच अपवाद: आधीच अर्धवट कापलेले, भाग हरवलेले संच स्वस्तात मिळतात. त्यांचं स्कॅन करून उरलेले भाग दुसऱ्या प्रतीतून भरता येतात, आणि अशा जोडकामातून रचनेबद्दल खूप शिकायला मिळतं.

विकत घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, 'युद्धकाळातलं मॉडेल' म्हणून विकलं जाणारं बरंच काही युद्धानंतरचं असतं. विषय युद्धाचा, कागद पुढचा. पोलंडचं 'माऊई मोडेलाश' हे मॉडेलांचं मासिक १९५७ मध्ये सुरू झालं आणि त्यातली रणगाडे-जहाजांची मॉडेल्स अप्रतिम आहेत, पण ती १९४४ ची नव्हेत. बांधायला ती जरूर घ्या, फक्त युद्धकाळाची किंमत मोजू नका. दुसरी, पुनर्मुद्रण मूळ म्हणून खपवलं जातं. नोटा तपासायचा जांभळा यूव्ही टॉर्च इथे कामाला येतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घातली जाणारी रसायनं साधारण १९५० नंतर रुळली, त्यामुळे त्या प्रकाशात निळसर चमकणारा कागद १९४४ चा असण्याची शक्यता जवळजवळ नाही. न चमकणारा कागद मात्र जुना असेलच असं नाही, म्हणून भिंगातून छपाईही बघावी. लेझर छपाईत रेघेच्या कडेला पावडरीसारखे सुटे कण दिसतात.

आणि जपणूक. युरोपातल्या कोरड्या घरासाठी दिलेले सल्ले मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात पुरत नाहीत. जून ते सप्टेंबर हवेतल्या ओलाव्याने कागद लहरतो, बुरशी धरतो आणि कसर लागते. लॅमिनेशन करू नका, ते कायमचं असतं. सेलोटेप तर अजिबात नको. त्याचा चिकटपणा कागदात मुरून तपकिरी डाग पडतो. पीव्हीसीचे स्वस्त फोल्डर टाळा, पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात आम्लरहित कागदाच्या पाठबळावर संच ठेवा. डबा घट्ट झाकणाचा, त्यात सिलिका जेल, आणि ते ओलावा धरून बसलं की बदलायचं. डांबरगोळ्या कागदाच्या शेजारी ठेवू नका. पावसाळा संपला की कोरड्या दिवशी डबा उघडून प्रत्येक पाकीट बघायचं.

मायक्रोमॉडेलचं पाकीट पुस्तकात मावतं, म्हणून छोट्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने मूळ वस्तू जमवायची तर तिथूनच सुरुवात करावी. बांधायला मात्र आधी ट्रू-फ्लाइट, त्यातही पी-४०. ते सुटीच्या दिवशी एका दुपारी होतं, घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला बरोबर घेता येतं आणि संध्याकाळी गच्चीवर उडवता येतं. झिरो लगेच पुढच्या रविवारी करा, म्हणजे जोडी पूर्ण होते. घडी, खाच आणि टूथपिकने डिंक लावणं या तिन्ही गोष्टी हातात बसल्या, की दुप्पट आकाराचं मायक्रोमॉडेल इंजिन घ्या. परदेशातून मूळ संच मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरूनच किंमत ठरवा, आणि विक्रेत्याकडून पुढच्या बाजूबरोबर मागच्या बाजूचा आणि सूचनापत्रकाचाही फोटो मागून घ्या. सूचनापत्रक नसलेला संच नेहमी कमी किमतीलाच घ्यावा.