नायट्रसवर मिसिंग येतंय: वाइडबँड मीटर घ्यावा की प्लग काढून भिंगाखाली बघावा?

ऐरोलीचा एक मित्र, जुन्या 1500 सीसी सेडानला नायट्रसचा (बाटलीतला नायट्रस ऑक्साइड, इंजिनला जादा ऑक्सिजन देऊन ताकद वाढवतो) 50 हॉर्सपॉवरचा वेट किट, म्हणजे नायट्रसबरोबर जादा पेट्रोलही सोडणारा, लावलाय, परवा विचारत होता की प्लग सारखे जातायत, मिसिंग (सिलिंडर मधेच नीट न पेटणं) येतंय, तर आता वाइडबँड, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा मीटर, बसवू का. मी दोन्ही करून बसलोय, म्हणजे आधी मीटर घेतला आणि मग झक मारत भिंगाकडे आलो, त्यामुळे माझं मत थोडं कललेलं असणार हे धरूनच वाचा.

मीटरचं चांगलं ते आधी. आपल्याकडे मे महिन्यात डिकीत बाटली असली आणि वाशीच्या सिग्नलला दोनदा अडकलात की बाटलीचं प्रेशर वाट्टेल तसं चढतं, 36.4 डिग्रीच्या वर नायट्रस लिक्विड म्हणून राहतच नाही. सेटिंग केलेलं असतं 900-950 पीएसआयला. प्रेशर चढलं की पेट्रोल तेवढंच आणि नायट्रस जास्त, म्हणजे लीन (पेट्रोल कमी पडणं), आणि बाटली संपत आली की उलटं. हे मीटर तिथल्या तिथे दाखवतो, पाय उचलायला वेळ मिळतो. प्लग काय, झाल्यावर सांगणार. हा मुद्दा मीटरला शंभर टक्के.

पण माझं डोकं कशावरून फिरलं ते ऐका. माझं मिसिंग नायट्रस सुरू झाल्यावर तीन-चार सेकंदांनी यायचं, त्याआधी नाही, आणि नायट्रसशिवाय तर कधीच नाही. तोपर्यंत मीटर 11.8 (पेट्रोलच्या एका भागाला हवेचे 11.8 भाग, आकडा मोठा तितकं लीन) दाखवायचा आणि मिसिंग सुरू झालं की सटकन 15 च्या वर. आता हे बघून कोणीही म्हणणार लीन होतेय. मी पेट्रोलचं जेट (किती पेट्रोल जाणार ते ठरवणारं भोक) एक साइझ वाढवलं, परत तेच, अजून एक वाढवलं, तर डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजायचं यंत्र) मागून काळा धूर आणि मिसिंगला आकडा तरीही लीनच. दोन शनिवार गेले, फ्युएल पंप बदलायच्या बेतात होतो. आणि गंमत अशी की वाइडबँड पेट्रोल मोजतच नाही, तो एक्झॉस्टमधला ऑक्सिजन बघतो, आणि जो सिलिंडर पेटलाच नाही त्याचा ऑक्सिजन जसाच्या तसा बाहेर येतो, तो त्याला लीन वाटतो. म्हणजे मिसिंगमुळे लीन दिसत होतं, लीनमुळे मिसिंग नव्हतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण समोर लाल आकडा चमकत असला की माहीत असलेलं सुचत नाही.

शेवटी तुर्भ्याच्या शेडमधले आमचे मिस्त्री काका म्हणाले, "अरे बाबा, आकडे नंतर बघ, आधी प्लग काढ." चारही प्लग काढून अंड्याच्या ट्रेमध्ये नंबरवार ठेवले, सोनार डोळ्याला लावतात तसलं भिंग काकांकडे होतंच. टोकाची पांढरी चिनीमाती चारहींची साफ, मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके नाहीत, ॲल्युमिनियमचे चकाकणारे दाणे नाहीत, म्हणजे डेटोनेशनची (मिश्रणाचा स्फोटासारखा भडका) खूण नाही. पण अर्थची पत्ती, म्हणजे टोकावर वाकलेली, जिच्यावर स्पार्क उडतो ती, बघा! तापल्याचा रंग साधारण वळणापाशी थांबायला हवा, इथे तो पार बुडापर्यंत, जिथे ती बॉडीला वेल्ड असते तिथपर्यंत उतरलेला, आणि तिसऱ्या नंबरच्या पत्तीचे कोपरे लिमलेटची गोळी चोखल्यासारखे गोल.

गाडीबरोबर आलेला प्लग लांब नाकाचा (चिनीमातीचं टोक बरंच बाहेर आलेलं), पत्तीही लांब. रोजच्या वापराला तो उत्तमच आहे, पण नायट्रसची उष्णता एवढ्या लांब पत्तीतून बॉडीपर्यंत वेळेत पोचत नाही, तीन-चार सेकंदांत तिचा निखारा होतो आणि स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटायला लागतं. मी त्याआधी एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारा, प्लग टाकून बघितला होता (एनजीकेत आकडा मोठा तो थंड, बॉशमध्ये बरोब्बर उलटं, इथे भलेभले चुकतात), पण तोही लांब नाकाचाच, म्हणून मिसिंग होतं तिथेच आणि वर घोडबंदरच्या जॅममध्ये रोज रांगून प्लगवर काजळी धरायला लागली. काकांनी हीट रेंज (हा थंड-गरमचा नंबर) मूळचीच ठेवली, फक्त आखूड नाकाचा आणि आखूड पत्तीचा प्लग घातला, स्पार्कची गॅप 1.1 मिमीवरून 0.8 वर आणली, जेट परत पहिलं. मिसिंग बंद, आणि मीटर शेवटपर्यंत 11.8, शहाण्यासारखा.

अजून एक, चार सिलिंडरना मिळून सेन्सर एकच. तीन 11.8 वर आणि एक 13.4 वर असला तरी आकडा 12.2 च्या आसपास येणार आणि आपण खूश. टायमिंगबद्दल (स्पार्क नेमका कधी पडतो) तर मीटर अवाक्षर काढत नाही, पत्तीवरच्या रंगाची रेघ निदान इशारा तरी देते.

भिंगाची कटकटही कमी नाही हं. दर वेळी नवा सेट लागतो, फुल थ्रॉटलवर असतानाच क्लच दाबून इग्निशन बंद करावं लागतं, नाहीतर घरापर्यंत चालवत आलात की आयडलच्या काजळीखाली सगळं झाकलं जातं. हे डायनोवर किंवा बंद धावपट्टीवरच करायचं, पाम बीच रोडवर अजिबात नाही, ब्रेक-स्टिअरिंग जड होतं आणि किल्ली एक खाच जास्त मागे गेली तर स्टिअरिंग लॉक. शिवाय आजकालच्या पेट्रोलने चिनीमातीवर रंग जेमतेम धरतो, त्यामुळे पहिले दोन-तीन सेट नुसते शिकण्यात जातात. चाळिशीनंतर डोळ्यांचं वेगळंच.

तुमचा शॉट (नायट्रसने वाढणारी हॉर्सपॉवर) मोठा असेल किंवा ड्राय किट (नुसता नायट्रस सोडणारा) असेल तर मीटर हवाच, त्यात वाद नाही. पण 50-75 च्या आत असाल आणि मिसिंग फक्त नायट्रसवर, तेही काही सेकंदांनी येत असेल, तर माझ्या मते तरी आधी प्लग. मीटरच्या पैशात प्लगचे बरेच सेट येतात. मित्राला म्हटलंय, आखूड नाकाचे दोन सेट आणि प्लग पाना घेऊन रविवारी तुर्भ्याला ये, अंड्याचा ट्रे माझ्याकडे आहे.