ओळ अर्धी ठेवून उठता येईल असं विणकाम: सुती धागा आणि बांबूची गोल सुई

आठ गुंडे सुती धागा आणि बांबूची एक गोल सुई, एवढ्या सामानावर मी लेकीसाठी दुपटं विणलं. सव्वा महिना झाल्यावर कुडाळला माहेरी पहिले टाके घातले आणि पाडव्याच्या दोन दिवस आधी वेंगुर्ल्याला सासरी शेवटचा टाका बंद केला. माझ्या दोन मैत्रिणी आता सातव्या-आठव्या महिन्यात आहेत, दोघींनीही हे सामान घेऊ का म्हणून विचारलं. फोनवर सांगता सांगता लेक उठायची आणि बोलणं अर्धवट राहायचं, म्हणून लिहूनच काढते.

सुरुवात वेगळ्याच सामानाने झाली होती. आईच्या ट्रंकेत गुलाबी लोकरीचे सहा गुंडे होते. आपल्याकडे दुकानात ‘लोकर’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतं. ते स्वस्त, हलकं, धुवायला सोपं. पण तो कृत्रिम धागा आहे, घाम शोषत नाही. पौषात पहाटे गारवा असतो तेव्हा ते चालून जातं. फाल्गुन लागला की आमच्याकडे दुपारी दमट उकाडा सुरू होतो, आणि तेव्हा बाळाच्या पाठीखाली ॲक्रिलिक ठेवलं तर पाठ ओलीच राहते. मी वीतभर तुकडा विणला होता. लेकीच्या मानेखाली अर्धा तास ठेवला, तर मान घामाने चिकचिकीत. तिला बघायला आलेल्या सासूबाई तो तुकडा हातात घेऊन म्हणाल्या, “गो, फागुनात चेडवाक लोकर घालतंस? अंग लाल होतला तेचा.” त्यांचं बरोबर होतं. मी उसवून टाकलं.

सुती धागा आमच्या बाजारात मिळाला नाही. इथली दुकानं दिवाळीच्या सुमाराला लोकर मांडतात आणि थंडी सरली की माळ्यावर टाकतात. विणायचा सुती धागा मागितला तर क्रोशाचं बारीक रीळ पुढे करतात. मग ऑनलाइन मागवला. ५० ग्रॅमचा गुंडा, १२० रुपयांना एक. मागवताना एक गोष्ट बघून घ्या: धागा मर्सराइज्ड आहे की साधा. मर्सराइज्ड म्हणजे सुताला ताणून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून काढलेलं. यातली सोड्याची क्रिया जॉन मर्सर नावाच्या इंग्रज माणसाने १८४४ च्या सुमारास शोधली, तिला त्याचंच नाव आहे; सूत ताणून धरायची जोड तिला नंतर मिळाली. अशा धाग्याला रेशमासारखी चकाकी येते, रंग पक्का बसतो, पण तो हाताला थोडा कडक लागतो. साधा सुती धागा निस्तेज दिसतो, धुऊन धुऊन मऊ होत जातो. तोरणाला, पर्सला मर्सराइज्ड घ्या. बाळाच्या अंगाला लागणार असेल तर साधाच घ्या. मी साधा घेतला, कच्च्या कैरीच्या गराचा असतो तसा फिकट पिवळसर-हिरवा. चार धुण्यांनंतर तो जुन्या लुगड्याच्या दुपट्याइतका मऊ झाला आहे, आणि याहून मोठी शाबासकी मला बाळाच्या कपड्याला देता येत नाही.

आता सुई. माझ्या मते या सगळ्या खरेदीत खरी किंमत वसूल झाली ती सुईची.

आईकडच्या सुया ॲल्युमिनियमच्या, लांब, एका टोकाला गोंडा असलेल्या. त्यांच्यावर मी शाळेत शिकले, त्या वाईट नाहीत. पण मांडीवर बाळ असताना त्यांची टोकं दोन्ही बाजूंना हातभर बाहेर जातात, कोपर खुर्चीच्या हाताला आपटतं, आणि सुई सुईला लागली की टकटक होते. पंधरा मिनिटं झुलवून झोपवलेल्या बाळाला ती टकटक पुरते. शिवाय घामेजल्या हातात धातू निसटतो. एकदा दाराची कडी वाजली म्हणून पटकन उठले आणि अठरा टाके सुईवरून घसरले.

गोल सुई म्हणजे बोटभर लांबीची दोन टोकं आणि त्यांना जोडणारी लवचीक दोरी. गोल विणायलाच ती वापरतात असं मला वाटायचं. तसं नाही, सरळ ओळी विणून प्रत्येक ओळीनंतर उलटवायचं, एवढंच. मी ८० सेंटिमीटर लांबीची, ४ मिलिमीटर जाडीची घेतली, ३५० रुपये. (आईकडच्या सुयांवर जुने नंबर असतात. तिथे ४ मिमी म्हणजे ८ नंबर, सव्वातीन मिमी म्हणजे १० नंबर. नंबर वाढला की सुई बारीक होते; मागवताना इथेच गोंधळ होतो.) विणलेल्याचं सगळं वजन दोरीवर, म्हणजे आपल्या मांडीवर राहतं, मनगटावर येत नाही. बांबूला टाका किंचित धरून राहतो, आवाज होत नाही. आणि लेक रडली की टाके दोन्ही टोकांवरून दोरीवर ढकलायचे, टोकांना एक रबर गुंडाळायचं आणि उठायचं. ओळ अर्धी असली तरी काही बिघडत नाही. परत आल्यावर कुठल्या बाजूने निघालो होतो ते आठवत नसेल तर धागा बघा: ज्या टोकावरच्या टाक्यातून गुंड्याचा धागा लोंबतो आहे, ते टोक उजव्या हातात. पहाटे तीनच्या फीडिंगनंतर झोप उडाली असताना मी मिणमिणत्या दिव्यात एवढ्या एका खुणेवर विणलं आहे.

वीणही तशीच निवडली. नक्षी नको, मोजणी नको. कोपऱ्यातून सुरू होणारं दुपटं: चार टाके घालायचे, नुसते सुलट विणायचे, आणि प्रत्येक ओळीत सुरुवातीचे दोन टाके झाले की एक वाढवायचा. कडेची लांबी हवी तेवढी, माझी ७५ सेंटिमीटर, झाली की सुरुवातीच्या दोन टाक्यांनंतर पुढचे दोन टाके एकत्र विणून प्रत्येक ओळीत एक कमी करत यायचं. मोजायचं काही नाही, फक्त आडवं धरून टेपने बघायचं. बहुतेक ठिकाणी वाढवताना धागा पुढे घ्यायला सांगतात, त्याने कडेला छान जाळी पडते. मी ती टाळली. बाळाचं बोट अशा भोकात अडकून धागा आवळला गेला तर आपल्या लवकर लक्षात येत नाही. त्याऐवजी दोन टाक्यांमधला आडवा दोरा पीळ देऊन उचलला आणि त्याचाच नवा टाका केला. गोंडे, मणी, बटणं, नाड्या यांपैकी काही लावलं नाही. पाळण्यात लेक झोपलेली असताना दुपटं तिच्या अंगावर सैल सोडत नाही. ते मांडीवर घेताना आणि अंगणात चटईवर तिला पालथं घालताना वापरायचं.

मधोमध आल्यावर सुईवर २१२ टाके होते. तेव्हा शिमगा चालू होता. दुपारी रोंबाटाचा, म्हणजे शिमग्याच्या मिरवणुकीचा, ढोल वाजायचा, लेक झोपायची नाही, आणि तिला मांडीवर घेऊन खळ्यात, म्हणजे अंगणात, बसण्यापलीकडे काही करता यायचं नाही. नवरा आंब्याच्या पेट्या भरायला बागेत, सासूबाई काजूच्या बिया वाळत घालण्यात. त्या आठवड्यात दिवसाकाठी दोन ओळी झाल्या असतील. पण त्या दोन ओळी मला हव्या होत्या. दिवसभरात केलेलं बाकी सगळं, दुपटी, लंगोट, भांडी, दूध, संध्याकाळपर्यंत पुन्हा होतं तिथे येऊन ठेपतं. विणलेली ओळ तेवढी दुसऱ्या दिवशी तिथेच असते. आसोलीहून सुरंगीचे वळेसर विकायला येणारी बाई रोज थांबून किती वाढलं ते बघायची आणि एक वळेसर माझ्या हातात देऊन जायची. तो वास अजून मला त्या मधल्या लांब ओळींशी जोडलेला आहे.

मनगटाबद्दल मात्र गंभीरपणे सांगते. सहाव्या-सातव्या आठवड्यात उजव्या अंगठ्याच्या बुडाशी अशी कळ यायला लागली की वाटी उचलवेना. डॉक्टरांनी तपासून त्याला डी क्वेरव्हेन म्हणतात असं सांगितलं: अंगठ्याच्या स्नायुबंधांच्या आवरणाला सूज येते, आणि नव्या आयांमध्ये हे नेहमी दिसतं, कारण अंगठा फाकवून बाळाला काखेत धरून दिवसातून पन्नास वेळा उचललं जातं. विणकामाने ते वाढतं. दहा दिवस सुया बंद, पट्टा बांधून विश्रांती. लेकीला उचलताना आता तळवे खाली घालून, सुपासारखे करून उचलते. सूत लोकरीसारखं ताणलं जात नाही, टाका घेताना हातालाच जोर लावावा लागतो, हा सुती धाग्याचा खरा तोटा आहे. पंधरा मिनिटांच्या वर सलग विणू नका. वेळ मिळाला तरी नको.

बाकीच्या तक्रारी. धाग्याचे पदर सैल पिळलेले आहेत, सुईचं टोक मधून घुसतं आणि टाका फाटतो. बांबूचं टोक बोथट असल्याने हे कमी झालं, पण झालंच. सुई आणि दोरीच्या जोडावर टाके अडतात, सुरुवातीला प्रत्येक वेळी ढकलावे लागायचे. सर्वांत मनाला लागलं ते रंगाचं. आठ गुंडे एकाच वेळी मागवूनही तीन गुंड्यांवर डाय लॉटचा (एकाच वेळी रंगवलेल्या धाग्याचा) नंबर वेगळा निघाला, आणि उन्हात धरल्यावर फरक स्पष्ट दिसत होता. विकणाऱ्याला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही. बाळाच्या वस्तूसाठी पैसे देणाऱ्या बाईला एवढं उत्तर मिळायला हवं होतं. शेवटी दोन ओळी एका लॉटच्या, दोन दुसऱ्याच्या असं आलटून पालटून विणलं, म्हणून पट्टा उठून दिसत नाही. पार्सल आल्याबरोबर सगळ्या गुंड्यांवरचे नंबर जुळवून बघा.

धुण्याचं सोपं आहे. आधी हातभर तुकडा विणून, धुऊन, वाळवून मापं घ्या, सूत थोडं आटतं. दुपटं ४०० ग्रॅमचं, भिजलं की चांगलंच जड होतं. दांडीवर टाकलं तर लोंबून लांब होतं. चटईवर पसरून वाळवा. चैत्राच्या उन्हात एका दुपारी वाळतं. पावसाळ्यात असं वाळणार नाही हे उघड आहे, म्हणून तेव्हासाठी दुपट्याऐवजी लहान लहान तुकडेच विणलेले बरे. काजूच्या दिवसांत ते खळ्यात मात्र ठेवू नका. बोंडाच्या रसाचा डाग सुतावरून निघत नाही, आणि बियांच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. बिया हाताळलेल्या हाताने बाळाचे कपडे धरायचे नाहीत, हा आमच्या घरातला नियम आहे. सासूबाई दुपट्याला हात लावण्याआधी दोनदा साबणाने हात धुतात. पाडव्याला त्यावर लेकीला ठेवून गळ्यात गाठी घातली, तेव्हा त्या दुपट्याचा काठ चाचपून म्हणाल्या, “ह्या बरा आसा. ह्येच्यात घाम जिरतलो.”

सुई डोळे मिटून घ्या. धागा चांगला आहे, पण घेणार असाल तर गरजेपेक्षा एक गुंडा जास्त आणि सगळे एका लॉटचे. माझे १३१० रुपये गेले, टपालखर्च वेगळा.

मी त्याच जातीचा पांढरा धागा दुसरीकडून मागवला आहे, चार गुंडे, या वेळी नंबर आधी विचारून. बिनबाह्यांचं झबलं करते आहे. ७० टाके घातलेत, काल रात्रीपर्यंत सात ओळी झाल्या आणि आठवी अर्धी आहे.