फटाक्यांना पास, डीजेला नापास : लहान मुलांचा इअरमफ

भोसरी एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या विभागात नोकरी. आवाज अडवणारा मफ कानावर चढवल्याशिवाय आम्हाला लाइनवर सोडतच नाहीत. त्यामुळे मुलासाठी घेताना रंग आणि कार्टून नंतर बघितलं, आधी खोकं उलटं करून आवाज किती अडतो तो आकडा वाचला.

मुलगा आठ वर्षांचा, ऑटिझम आहे. बोलतो कमी, ऐकतो सगळं. दिवाळीत फटाके सुरू झाले की बाथरूममध्ये जाऊन बसायचा आणि आमच्यापैकी एक जण त्याच्यासोबत आत. बाहेर पाहुणे चकल्या खातायत, आत आम्ही बादली उलटी करून बसलोय. मफ घेतला तो एवढ्यासाठी.

वस्तू साधी आहे. बॅटरी नाही, ब्लूटूथ नाही, गाणी नाहीत. दोन प्लास्टिकच्या वाट्या, आत फोम, कडेला मऊ गादी, डोक्यावरून पट्टा. किंमत हजाराच्या आसपास. खोक्यावर एसएनआर २५ लिहिलंय, म्हणजे प्रयोगशाळेत आवाज साधारण २५ डेसिबलनं उतरतो. घरी तेवढा उतरत नाही. गादी कानाभोवती चिकटून बसली तरच काम होतं. केस, चष्म्याची काडी, टोपीची कड मध्ये आली की फट पडलीच. कंपनीतला मोठ्यांचा मफ घरी आणायचा विचार असेल तर सोडून द्या, लहान डोक्यावर तो कानाखाली लोंबतो.

आता हिशेब. फटाका फुटतो तिथून ४ मीटरवर १२५ डेसिबल, ही कायद्यानं घातलेली मर्यादा. फटाक्याचा आवाज क्षणाचा असतो, तरी १२५ मधून २५ गेले की १०० उरतात. आणि कारखान्यात आठ तासांच्या पाळीला ९० च्या वर परवानगी नाही. म्हणून मफ घातलाय म्हणून मुलाला सुतळी बॉम्बशेजारी उभं करू नका. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल कमी होतात, तेही फुकटात. आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत थांबतो आणि मागचं दार उघडं ठेवतो. नको झालं की तो आत जातो, कुणी ‘थांब रे जरा’ म्हणायचं नाही.

नरक चतुर्दशीचं सांगतो. उटणं त्याला खरखरतं म्हणून अंगाला लावत नाही, तळहातावर चिमूटभर दिलं की पुरे. तेल चालतं. आंघोळीनंतर केस नीट पुसावे लागतात, नाहीतर ओल्या केसांवर गादी सरकते. मग तुळशीपाशी कारीट. डाव्या पायाच्या अंगठ्यानं त्यानं ते फोडलं, आई ‘गोविंदा, गोविंदा’ म्हणाली आणि हा वाकून आतल्या बिया बघत बसला. तेवढ्यात खाली लवंगी माळ लागली. दोन्ही हात मफवर गेले, वाट्या गच्च दाबल्या, पण जागचा हलला नाही. माळ संपली, पुन्हा बिया. आजीनं फराळाला हाक मारली तेव्हा वळला. मला या मफमधलं हेच आवडलं, माणसांचं बोलणं बारीक होतं पण पोचतं. आवाज पूर्ण बंद झाला असता तर तो आमच्यात असूनही नसता.

गणपतीत मात्र हा मफ उघडा पडतो. ताशाचा कडकडाट छान अडवतो, ढोलाचा ठोका निम्मा आत येतोच. डीजेपुढे तर हात टेकले. जाड, घुमणारा आवाज अशा मफना नीट अडत नाही आणि बेस नुसता कानातून नाही, छातीतून आणि पायाखालूनही येतो. विसर्जन मिरवणुकीसाठी म्हणून घेत असाल तर घेऊ नका. आम्ही घरच्या गणपतीच्या आरतीला वापरतो. झांजा त्याच्यापासून लांब, टाळ्या जवळ, आणि किती आरत्या होणार ते आधी सांगून ठेवतो. भावाच्या घरी ऐन वेळी दोन जास्तीच्या आरत्या निघाल्या, तेव्हा मफचा काही उपयोग झाला नाही.

महागडे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्यावेत का, असं दोघा-तिघांनी विचारलं. ते पंखा, एसी, विमान असल्या सलग घरघरीसाठी. अचानक होणाऱ्या धडाम्‌ला त्यांचं बटण कामाचं नाही.

सणाच्या दिवशीच खोकं फोडू नका. आमच्याकडे तो आधी खेळण्यांत पडून होता, मग मिक्सर लागला की हा स्वतःच घालायला लागला. ऑक्युपेशनल थेरपीच्या मॅडमनी बजावलंय की दिवसभर घालू द्यायचा नाही, नाहीतर कानाला शांततेची सवय होते आणि साधे आवाजही टोचायला लागतात.

नातेवाईक विचारणारच, ‘एवढ्या लहान वयात हेडफोन?’ एकदा सांगायचं, दुसऱ्यांदा लाडू पुढे करायचा. पुतणीनं मात्र मफ मागून घेतला, कानावर चढवून घरभर फिरली आणि ‘मला पण पाहिजे’ म्हणून रडली. तेव्हापासून निदान आमच्या घरात तो ‘त्या मुलाचं यंत्र’ राहिला नाही.

बिल्डिंगच्या ग्रुपवर मी एवढंच टाकलं होतं की माळ लावायच्या आधी वर हाक मारा. मोठ्यांनी अंगठे पाठवले आणि विसरले. खालची पोरं विसरली नाहीत. ‘काका, लावू का?’ अशी आरोळी येते, मी मुलाकडे बघतो, तो मफ चढवतो आणि स्वतः ओरडतो, ‘लाव!’ खरं सांगायचं तर या आरोळीचा उपयोग मफइतकाच आहे, कदाचित जास्तच.

पाचपैकी चार. एक तारा कापला तो गादीसाठी : वरचं रेक्झिन घामानं कडक होतं, सुट्टी गादी मिळत नाही, विक्रेता म्हणतो नवीनच घ्या. आमच्या कंपनीतल्या मफना गाद्यांचे जोड वेगळे मिळतात, मग लहान मुलांच्या मफना का नकोत?