हुक नॉर्टन की लुइस: कोणती ब्रुअरी बघावी?

लंडनला मुक्काम आहे, एक दिवस मोकळा आहे आणि जुनी इंग्लिश ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, बघायची आहे, तर दोन नावं पुढे येतात: ऑक्सफर्डशरमधली हुक नॉर्टन आणि ससेक्समधल्या लुइस गावची हार्वीज. दोन्ही इमारतींचा आर्किटेक्ट एकच, विल्यम ब्रॅडफर्ड. लुइसचं काम १८८१चं, हुक नॉर्टनचं १९००च्या सुमारास पुरं झालेलं. रचनाही एकाच जातीची, म्हणजे मनोऱ्याची. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि पाणी एकदाच वर चढवायचं. पुढे दळण, गरम पाण्यात भिजवणं, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून उकळणं, निववणं, आंबवणं हे सगळं मजल्यामजल्याने खाली उतरत जातं. पंपाचं काम बरंचसं गुरुत्वाकर्षण करतं.

यंत्रांची आवड असेल तर हुक नॉर्टन, दुसरा विचारच नको. बर्टनच्या बक्स्टन अँड थॉर्नली कंपनीचं १८९९चं, २५ अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन तिथे जागेवर आहे. हे एकटं इंजिन शाफ्ट, कप्प्या आणि पट्ट्यांच्या जोरावर वरच्या मजल्यांवरची यंत्रं फिरवायचं, तेही एकविसावं शतक उजाडल्यावर काही वर्षं! वरच्या बाजूला तांब्याचं पसरट, उथळ टाकं आहे. उकळता काढा त्यात ओतून भिंतींच्या झडपांतून येणाऱ्या वाऱ्यावर निववत. आता ते वापरात नाही, पण रेफ्रिजरेशन नव्हतं तेव्हा काय करत, हे ते बघितल्यावर लगेच कळतं. जॉन हॅरिसने १८४९ मध्ये इथे शेत आणि माल्टघर घेतलं, तिथून हा धंदा वाढला. गावाजवळ रेल्वे टाकणाऱ्या मजुरांची तहानही त्याच्या पथ्यावर पडली. आसपासच्या पबांत बिअर पोचवायला शायर जातीच्या दणकट घोड्यांची गाडी अजून निघते.

लुइसचं आकर्षण यंत्रांत कमी, यीस्टमध्ये जास्त. शेजारून विरजण आणावं तसं हार्वीजने १९५७ मध्ये यॉर्कशरमधल्या टॅडकॅस्टरहून, जॉन स्मिथ्स या ब्रुअरीतून यीस्ट आणलं आणि आजतागायत तेच एका घाण्यातून पुढच्या घाण्यात घालत आले आहेत. पाणी स्वतःच्या विहिरीचं. ब्रुअरी ऊज नदीच्या अगदी काठावर, त्यामुळे २०००च्या ऑक्टोबरात पूर आत शिरला. तरी धंदा सावरला. मनोऱ्यामुळे गावकरी तिला ‘लुइस कॅथीड्रल’ म्हणतात.

जाण्यायेण्यात मात्र लुइस सरळ बाजी मारतं. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनहून तासाभराची ट्रेन, पुढे चालत. हुक नॉर्टनला मॅरिलेबोन स्टेशनहून बॅनबरी गाठायचं आणि तिथून टॅक्सी किंवा गाडी. जो चालवणार तो चाखणार नाही, हे घरीच ठरवून घ्या.

माझं मत विचाराल तर फक्त सहलीसाठी लुइस, पण खास ब्रुअरीसाठी निघाला असाल तर हुक नॉर्टन. इंजिन ठरावीक शनिवारीच चालवतात, तेव्हा तारीख बघूनच तिकीट काढा. लुइसलाही आत फिरायचं तर बुकिंग बरंच आधी करावं लागतं. ते मिळालं नाही तर बाहेरून मनोरा आणि शेजारचं त्यांचं दुकान एवढंच.